प्रत आणि भाव

आमच्या गावाचं नाव कागदोपत्री ‘आंजी (मोठी)’ असं लिहितात. कंसातलं ते ‘मोठी’ वाचून परगावचा माणूस वर्धा-आर्वी रस्त्यावर एसटीतून उतरतो आणि मोठं काय आहे ते शोधत इकडेतिकडे पाहतो. त्याला समजावून सांगावं लागतं की बाबा, हे कौतुक नव्हे, नावाची गल्लत होऊ नये म्हणून केलेली खूण आहे. तलाठ्याच्या सोयीचं विशेषण. गाव जेवढं आहे तेवढंच आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा स्टँडवरच्या टपरीत झालेली चर्चा. आमच्याच हाताखालून गेलेली चार पोरं बसली होती आणि एकेका गायकाला, संगीतकाराला निकालात काढत होती. रहमान ओव्हररेटेड, अजय-अतुल ओव्हररेटेड. मी चहा संपवून उठणार तेवढ्यात एकाने मलाच मध्ये ओढलं. “काहून जी सर, लताबाई तं सगळ्यात ओव्हररेटेड होत्या न? दुसऱ्या कोणाले गाऊच देलं नाही त्यायनं. मंग मोठ्या झाल्या त्यात काय नवल!”

मी पुन्हा बसलो.

आधी त्या शब्दाकडे पाहू. मराठीत ‘नाव मोठं लक्षण खोटं’ अशी म्हण आहे, पण ती वेगळं काही सांगते. त्या म्हणीत दोष नाव मिरवणाऱ्याचा असतो. ओव्हररेटेड म्हणणारा मात्र गाणाऱ्याबद्दल बोलतच नाही. तो बोलतो बाकीच्या ऐकणाऱ्यांबद्दल: तुम्ही सगळे फसलात, मी फसलो नाही. म्हणून हा शब्द उच्चारायला गाणं ऐकलेलं असावं लागत नाही, लोक कोणाला डोक्यावर घेतात एवढं ठाऊक असलं की पुरतं. बालगंधर्व की केशवराव भोसले, या वादात आमच्या आज्यांच्या पिढीने पानाचे डबेच्या डबे रिकामे केले. १९२१ मध्ये दोघं ‘संयुक्त मानापमान’ करायला एका रंगमंचावर उभे राहिले, त्याच वर्षी केशवराव गेले, तरी भांडण मिटलं नाही. भीमसेन की कुमार, हेही आपण पुढे यथास्थित भांडून घेतलं. पण त्या भांडणात उतरायचं तर दोघांनाही ऐकावं लागे. नव्या भांडणात एकालाही ऐकावं लागत नाही.

‘आवड ज्याची त्याची’ म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, त्यांनी सुखाने चहा प्यावा. खपावरून दर्जा ठरवणाऱ्यांनी तेल-मिठाची दुकानं काढावीत. आणि अजय-अतुलनी लोकसंगीत उचललं म्हणून त्यांना खाली ओढणाऱ्यांनी लोकसंगीत कोणी कोणाचं उचललं नव्हतं असा काळ आधी दाखवावा. राहिला त्या पोराचा मुद्दा, एकाधिकाराचा. तो सोडून देण्यासारखा नाही. चांगली शहाणी माणसंही तो मांडतात आणि मांडताना आपण मोठं धाडस करतो आहोत असा त्यांचा चेहरा असतो.

तो मुद्दा त्याच्या सगळ्यात बळकट रूपात असा: लताबाई चांगल्या गात नव्हत्या असं कोणी म्हणत नाही. पण दोन-अडीच दशकं हिंदी चित्रपटांतल्या नायिकांचा आवाज बहुतांश त्यांचाच होता, इतरांना वाव मिळाला नाही, तेव्हा त्यांची उंची मोजायची कशाच्या शेजारी उभं करून? स्पर्धाच नव्हती तर पहिल्या आल्या याचा अर्थ काय?

एकाधिकार हा शब्द या पोरांनी पुस्तकात वाचला असेल. आम्ही तो जगलो आहोत. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खाजगी व्यापाऱ्याला कापूस विकणं बेकायदा ठरलं. घेणारा एकच. वेचणी झाली की बंडी भरायची, खरेदी केंद्रावर न्यायची आणि रांगेत लावायची. रांग कधी रात्रभराची, कधी दोन दिवसांची. मग ग्रेडर येई. तो बंडीत कोपरापर्यंत हात घाली, तळातला कापूस काढी, चिमटीत रुई धरून हळूच ओढी आणि धागा किती लांब निघतो ते पाही. फरदड आहे का, कवडी मिसळली आहे का, ओल किती. तो प्रत सांगे. भाव मात्र त्याच्या हातात नव्हता. तो मुंबईत ठरलेला असे, आणि चुकारा कधी मिळेल हे मुंबईलाही ठाऊक नसे.

त्या रांगेत शिकलेली एकच गोष्ट मला इथे सांगायची आहे. प्रत वेगळी आणि भाव वेगळा. एकाधिकार भाव बांधू शकतो, पाडू शकतो, फुगवू शकतो. धागा लांब करू शकत नाही. (भाव या शब्दावर दुसरी कोटी मला सुचत नाही असं नाही. पण ती इतक्यांनी केली आहे की राहू द्यावी.)

आता लताबाईंचा कापूस एकाधिकार येण्याआधी कोणी हाताळला ते पाहा. १९४८ च्या सुमारास बाजारात चलती होती ती भरदार, ठसठशीत आवाजांची. नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या होत्या, पण कान त्यांचेच होते. शमशाद बेगम होत्या, सुरैया होत्या, ‘दो भाई’नंतर गीता रॉय होत्या. संगीतकार गुलाम हैदरांनी या मुलीला निर्माते शशधर मुखर्जींपुढे उभं केलं तेव्हा आवाज फार पातळ आहे म्हणून त्यांनी नाकारलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. हैदरांनी ‘मजबूर’मध्ये तिच्याकडून गाऊन घेतलं. म्हणजे पहिला भाव पडला तो शून्य. आणि ज्या पातळपणासाठी तो पडला त्याबद्दल कापूस पिकवणाऱ्याला विचाराल तर तो हसेल. बारीक आणि लांब धाग्याचीच रुई उंची असते.

पुढच्याच वर्षी ‘महल’ आला. त्यातलं जे गाणं देशभर झालं त्याच्या तबकडीवर गायिकेचं नावच नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव छापलं होतं. हे गायलंय कोणी, अशी विचारणा लोकांनी रेडिओकडे केली. एकाधिकाराचा सिद्धान्त मांडणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, त्या दिवशी एकाधिकार कोणाकडे होता? नाव नाही, वजन नाही, वय वीस. लोकांनी बंडीत हात घातला आणि धागा ओढून पाहिला, एवढंच झालं होतं.

हे एकदाच झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण नाव आपल्या शिखरावर असताना लताबाईंनी ते पुन्हा एकदा बाजूला ठेवलं. साठच्या दशकात ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना संगीत दिलं: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. ‘साधी माणसं’च्या गाण्यांना राज्य पुरस्कार मिळाला. ही गाणी आमच्याकडे लग्नाच्या मांडवात वाजायची आणि आनंदघन कोण हे मांडवातल्या कोणालाही माहीत नव्हतं. आजही अनेकांना नाही. इथे तर आवाजाचाही प्रश्न नव्हता, चालींचा होता. ज्या माणसाचा भाव फुगलेला असतो तो आपलं नाव काढून बाजारात उतरत नाही.

आता मला अडचणीची जागा टाळता येणार नाही. ती म्हणजे सुमन कल्याणपूर.

रॉयल्टीच्या वादावरून साठच्या दशकात लताबाई आणि रफी काही वर्षं एकत्र गायले नाहीत, त्या काळात रफींबरोबरची कितीतरी युगुलगीतं सुमनताईंकडे आली. ती ऐकून निम्म्या देशाने ती लताबाईंची समजली. आजही समजतात. विरोधक इथे टाळी वाजवतात: बघा, ऐकणाऱ्याला फरक कळत नव्हता, मग एकीचा भाव आभाळात आणि दुसरीचा जमिनीवर का?

का, याचं प्रामाणिक उत्तर देताना मला काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. ध्वनिमुद्रणाचे तास मर्यादित होते. संगीतकारांची उत्तम चाल एकालाच मिळते. लताबाईंच्या हाती सत्ता होती आणि ती त्यांनी वापरली. पार्श्वगायकांसाठी पुरस्कार नाही म्हणून फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार देण्याइतकी ती होती, आणि पुढे १९५९ मध्ये तसा पुरस्कार सुरू झाला तो त्या सत्तेमुळेच. गाणाऱ्याला रॉयल्टी मिळावी म्हणून त्या भांडल्या. अशी सत्ता फक्त चांगल्याच कामाला येते असं मी म्हणणार नाही. वाणी जयराम यांचा ‘गुड्डी’नंतर हिंदीत जम का बसला नाही, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन.

पण हे सगळं मान्य करूनही ‘ओव्हररेटेड’ सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की सुमनताईंना कमी भाव मिळाला. या दोन गोष्टी एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं म्हणून दुसरं खाली, असं आपण गृहीत धरतो, आणि सगळा घोटाळा तिथे आहे. शेजाऱ्याच्या पहिल्या प्रतीच्या कापसाला ग्रेडरने दुसरी प्रत लावली, तर माझ्या बंडीतला धागा त्यामुळे आखूड होत नाही. अन्याय झाला आहे, तो शेजाऱ्यावर झाला आहे, आणि भांडायचं तर त्याच्या बाजूने भांडायला हवं. त्याच्या बाजूने भांडणं म्हणजे त्याची रुई चिमटीत धरून लोकांना दाखवणं.

मी त्या पोराला विचारलं, “बरं, सुमनताईंची तीन गाणी सांग.”

तो मोबाइलकडे पाहू लागला.

त्याचा दोष नाही. प्रतीबद्दल बोलायला बंडीत हात घालावा लागतो, भावाबद्दल बोलायला फळ्यावरचा आकडा वाचला की झालं. आणि फळ्यावरचे आकडे तर कायम संशयास्पद असतात. १९७४ मध्ये गिनेस बुकाने लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी मांडली. रफींनी त्याला हरकत घेतली, काटेकोर मोजदाद करणाऱ्यांना त्याच्या आसपासही आकडा सापडला नाही, आणि १९९१ मध्ये ती नोंद गेली. लताबाईंच्या भक्तांनी हा आकडा वर्षानुवर्षं मिरवला आणि आता विरोधक तो खोटा निघाल्याचं मिरवतात. दोघेही फळ्यासमोरच उभे आहेत. पंचवीस हजारांच्या जागी पाच हजार म्हटल्याने ‘महल’च्या त्या तबकडीतला एक सूर तरी इकडचा तिकडे होतो का?

विरोधकांना सगळ्यात जास्त आधार ज्यांचा वाटायला हवा, त्या ओ. पी. नय्यर यांचं नाव ते क्वचित घेतात. नय्यर यांनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. गीताबाई, शमशादबाई आणि मग आशाबाई यांच्यावर त्यांनी आपलं सगळं राज्य उभं केलं. म्हणजे हा एकाधिकार पाळलाच पाहिजे असाही नव्हता. आमच्याकडे पलीकडच्या राज्यात भाव चांगला असला की लोक रात्री कापूस सीमेपार नेत. नय्यर तसे दिवसाढवळ्या घेऊन गेले. आणि तरी त्यांच्या यशाने लताबाईंची प्रत कमी ठरली असं मदनमोहन यांना वाटलं नाही, सलील चौधरींना वाटलं नाही, अवघड चाली बांधण्याबद्दल ज्यांचा दरारा होता त्या सज्जाद हुसेन यांनाही वाटलं नाही. संगीतातले ग्रेडर कोण, असं विचाराल तर माझ्या मते ते हे. त्यांचेही हात चुकू शकतात. पण ते हात घालत तरी होते.

आमच्या बाबांच्या कापसाला एका वर्षी दुसरी प्रत लागली. का लागली हे त्यांना कधी कळलं नाही, आणि मला ते आजही पटलेलं नाही, पण इथे सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या रात्रीचं. बंड्यांची रांग लांबच लांब होती. थंडी होती, बैल सोडून बांधले होते, कोणी तुराट्या पेटवल्या होत्या. पुढच्या कोणाच्या तरी बंडीवर ट्रान्झिस्टर होता. रफींबरोबर एक बाई गात होती. माझ्या चुलत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की लताच आहे. दुसरा म्हणाला, नाही, चहाची पैज. गाणं संपलं आणि निवेदिकेने सुमन कल्याणपूर असं नाव सांगितलं. चुलता म्हणाला, रेडिओवाल्यायचं चुकलं असन.

बाबा कापसावर उताणे पडून होते, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. ते म्हणाले, “पुन्हा लावते का तं पाह्य.”

रेडिओ पुन्हा लावत नसतो. बातम्या लागल्या.