भाकरी की घोडा?



"काय करणार फादर, इलाजच नव्हता!" हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. लग्नासाठी कर्ज काढले, इलाज नव्हता. म्हाताऱ्या आईचे औषध महिनाभर आणले नाही, इलाज नव्हता. आजाऱ्याच्या भेटीला जायचे राहून गेले की आम्हीही हेच म्हणतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला 'नेचेस्से' हा लॅटिन शब्द भेटला. त्याचा अर्थ आवश्यक, अटळ. 'ने' म्हणजे नाही आणि 'चेदेरे' म्हणजे मागे सरणे, अशी त्याची फोड सामान्यतः केली जाते. जिथून मागे सरता येत नाही, ते नेचेस्से.

पण सर्वच गरजा सारख्या अटळ असतात का? संत थॉमस अक्वायनस (1225–1274) यांनी दोन उदाहरणे दिली आहेत : जगण्यासाठी अन्न आणि प्रवासासाठी घोडा. अन्नाशिवाय जगताच येत नाही. घोडा नसला तरी पोहोचता येते. असला तर प्रवास सोपा होतो. आपल्याला हे समजणे कठीण नाही. दत्तजयंतीला आपण दोंडाईच्याहून सारंगखेड्याच्या यात्रेला जातो, लाखांच्या किमतीचे घोडे बघतो आणि घोडा न घेताच सुखरूप घरी येऊन भाकरी खातो!

लग्नातला थाट हा घोडा आहे. आईचे औषध ही भाकरी आहे. आपण मात्र दोन्हींना एकच नाव देतो : नाइलाज. ज्याच्या घरी खरोखरच पैसा नाही, त्याला आम्ही बोल लावत नाही. तिथे प्रश्न त्याला नाही, शेजारी म्हणून आपल्याला आहे.

कारण याच शब्दाच्या कुळातला 'नेचेस्सारियुस' हा शब्द रोमन लोक आप्तासाठी, जवळच्या मित्रासाठीही वापरीत. ज्याच्यापासून आपल्याला मागे सरता येत नाही, असा माणूस!

संत थॉमस यांनी अन्न आणि घोड्याची उदाहरणे दिली ती प्रभूच्या देहधारणेविषयी बोलताना. आपल्या तारणासाठी देवाला दुसरे मार्गही खुले होते, असे ते सांगतात. त्याचा नाइलाज झाला नव्हता. तरीही तो माणूस झाला, आपला आप्त झाला.

म्हणून या आठवड्यात 'इलाज नव्हता' हे शब्द ओठांवर आले, की क्षणभर थांबू या आणि स्वतःला विचारू या : ही भाकरी आहे की घोडा? आणि आपण कोणापासून मागे सरत आहोत?

आपले धर्मगुरू