एक चतुर्थांशाचा पुरावा

गंगापूर रोडवर विद्या विकास सर्कलच्या पुढे चालता चालता भाच्यानं हॉकिंगचा विषय काढला. आत्या भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तिला तेवढं निमित्त पुरतं.

"कागद जाळला, तरी राख, धूर, उष्णता सगळं मोजलं तर त्यावर काय लिहिलं होतं ते तत्त्वतः काढता येतं. पुंजभौतिकीचा तसा आग्रहच आहे. हॉकिंगनं १९७४ साली दाखवलं की कृष्णविवर उष्णता सोडत विरतं. दोन वर्षांनी म्हणाला, त्या उष्णतेत आत पडलेल्याची खूणच उरत नाही. मग चुकतंय कोण?"

आत्याच पुढे म्हणाली, "अभय अष्टेकरांचं उत्तर ऐक. आग्रा रोडनं गेलास की धुळ्यापुढे शिरपूर, तिथला त्यांचा जन्म. ते म्हणतात, अवकाशकाळ अतिसूक्ष्म पातळीवर सलग नाही. म्हणून केंद्रातली अनंत घनता टळते, अवकाशकाळ पुढे चालू राहतो. तो संपलाच नाही, तर माहिती हरवेल कुठे?"

"तपासणार कसं? सूर्याएवढ्या विवराचं तापमान एक कोट्यंश केल्विनसुद्धा नाही, भोवतालचं विश्व २.७ केल्विन. ते विरायचं सोडून आज उलट वाढतंय."

"गुरुत्वलहरी आइन्स्टाईननं १९१६ साली मांडल्या, सापडल्या २०१५ मध्ये. आता आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथला त्यांची वेधशाळा होतेय."

"तिथे यंत्र कमी पडत होतं, आत्या. इथे विवर विरायला एकावर सदुसष्ट शून्यं एवढी वर्षं हवीत."

इथे मी भाच्याच्या बाजूचा. आत्यानंही मग ती वाट सोडली.

"बरं, दुसरी कसोटी घे. विवराची एन्ट्रॉपी म्हणजे, योग्य एककांत, क्षितिजाच्या क्षेत्रफळाचा एक चतुर्थांश. अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी क्षितिजाच्या पुंजअवस्था मोजून ती काढली. त्याआधी, १९९६ साली, तंतुसिद्धान्तवाल्यांनी अगदी वेगळ्या रस्त्यानं, काही खास विवरांसाठी, तेच उत्तर आणलं होतं."

"अष्टेकरांच्या हिशेबात चतुर्थांश यावा म्हणून एक संख्या बसवून घ्यावी लागते ना?"

"लागते. पण एकदाच. मग विद्युतभार असो-नसो, तीच चालते."

"आणि तो चतुर्थांश तरी कुणी दुर्बिणीतून पाहिलाय?"

"नाही. तोही गणितातूनच आलेला."

"म्हणजे गणितानं गणित तपासलं."

"दोन अनोळखी गणितं एका आकड्यावर आली, तर तू त्याला योगायोग म्हणशील?"

"आकडा दोघांनाही आधीच ठाऊक होता, आत्या."