अंगणात आलेला साप



मे महिना सरत आला की उत्तन, चौक, डोंगरीपासून राई-मुर्ध्यापर्यंत वाड्यावाड्यांतून एकच ओरड ऐकू येते, "साप! साप!" दिवसभर अंगाची काहिली, संध्याकाळी गडगडाट आणि मग वळवाची जोरदार सर. बिळांत पाणी शिरते, बेडूक बाहेर पडतात, आणि साप विहिरीच्या कठड्याशी, सरपणात नाहीतर ओट्यावर रचलेल्या जाळ्यांत येऊन बसतो. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून जाळीही घरीच. मग काठ्या निघतात. पाच मिनिटांत सगळे आटोपते.

त्या पाच मिनिटांत आपण योग्य वागतो का?

एदेन बागेतल्या सापाचा राग काही जण आपल्या परसातल्या धामणीवर काढतात. मोशेने रानात पितळेचा साप उंच केला आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने स्वतःविषयी बोलताना त्याचाच दाखला दिला, हे मात्र आठवत नाही.

भीती खोटी नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार, आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्याला सातव्या मजल्यावरून भूतदयेचा उपदेश करणे सोपे असते. लेकरू ओट्यावर रांगते आहे आणि समोर नाग फणा काढून उभा आहे, अशा वेळी आईने काठी उचलली तर तिला कोणी पापी म्हणू नये. मी तरी म्हणणार नाही.

पण दर वेळी प्रसंग असा नसतो. पुष्कळदा ती धामण असते. तिला विष नसते, ती उंदीर खाते. पुष्कळदा साप गटाराकडे, कुंपणाकडे निघालेलाच असतो आणि आपण पाठलाग करून त्याला ठेचतो. पळणाऱ्यावर पडलेली काठी स्वसंरक्षणाची कशी म्हणायची? तिथे भीती संपून दुसरेच काही सुरू झालेले असते, आणि मुले ते पाहत असतात.

धामण उपयोगी आहे, उंदीर कमी तर लेप्टोही कमी, असे सांगून तिला वाचवता येते. ते खरेही आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे गेली. तरी मला हे कारण अपुरे वाटते. उपयोगी नसती तर मारायला आपण मोकळे झालो असतो का? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले की, प्रत्येक जिवाला देवासमोर स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावरून ठरत नाही. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (क्रमांक २४१८) विनाकारण प्राण्यांना यातना देणे वा मारणे माणसाला शोभत नाही, असे म्हटले आहे. माणसांचे दुःख दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हेही तिथेच आहे.

इथे पैसा कोणी मागत नाही. मागणे आहे अर्ध्या-एक तासाचे. वनविभागाचा १९२६ क्रमांक लावायचा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवायचे, आणि तो येईपर्यंत थांबायचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सापांनाही संरक्षण देतो, पण कायद्याच्या धाकाने कोणी थांबल्याचे मी पाहिलेले नाही. शेजारी धीर द्यायला आला, तर माणूस थांबतो.

म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे तो अर्धा तास मागू नये, तो शेजाऱ्यांनी द्यावा. एकाने बॅटरी घेऊन लांबून नजर ठेवावी, एकाने फोन करावा, एकाने मुलांना आत न्यावे आणि गर्दी हटवावी. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. आणि दंश झालाच, तर कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता हात-पाय न हलवू देता थेट रुग्णालय गाठावे.