चाल कुणाची?

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, १९९१ साली, पाठवणीच्या वेळी बँडवाल्यांनी फार मोठी चूक केली, असे आमच्या घरात आजवर समजले जात होते. ताई पदराने डोळे पुसत मोटारीकडे निघाली होती, आई उंबऱ्यातच मट्कन बसली होती, आणि नेमक्या त्याच क्षणी बँडमास्तरने अशी काही नाचरी चाल धरली की वऱ्हाडातली पोरे तिथल्या तिथे थिरकू लागली. त्या पोरांत मीही होतो. वडिलांनी माझ्या पाठीत घातलेला धपाटा मला अजून आठवतो. ‘घायल’ चित्रपट आदल्याच वर्षी येऊन गेला होता. बप्पी लाहिरींच्या संगीतातली त्यातली ही चाल तेव्हा गणपतीच्या मांडवापासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजत होती. बँडमास्तर बिचारा तरी काय करणार!

गेल्या मे महिन्यात ताई माहेरपणाला आली होती. सोबत तिचा मुलगाही होता. लग्नाची गोष्ट निघाली, तसा भाचा हसून म्हणाला, “मामा, ते गाणं हिंदी नाहीच मुळी.” आणि त्याने मोबाइलवर एकामागून एक गाणी लावायला सुरुवात केली.

पहिले होते ‘लांबाडा’. काओमा नावाच्या फ्रान्समधल्या मंडळीने ते १९८९ साली काढले, आणि त्या वर्षी युरोपात जो तो त्याच्यावर नाचला. गाणारी बाई लोआल्वा ब्राझ ही ब्राझीलची. शब्द पोर्तुगीज. (त्या भाषेत ‘लांबाडा’ म्हणजे फटका. मला तो लग्नात शब्दशः मिळाला होता.) मग भाच्याने मागे मागे जायला सुरुवात केली. पोर्तुगीज शब्द होते ते मार्सिया फेरेइरा या गायिकेच्या १९८६ सालच्या गाण्यातले. अकॉर्डियनची ती लचकती सुरावट त्याहीआधीची, १९८४ सालची. पेरू देशातल्या क्वार्तेतो कॉन्तिनेन्तालने वाजवलेली. आणि सगळ्यांच्या मुळाशी होते १९८१ सालचे बोलिव्हियातले एक संथ गाणे. लॉस कार्कास नावाचे पथक, उलिसेस आणि गोन्झालो एर्मोसा या भावांची रचना, आणि साथीला डोंगरी मुलखातला तो वेळूच्या नळ्या शेजारी शेजारी बांधून केलेला पावा.

“ह्याचं नाव काय रे?” ताईने विचारले.

“‘योरांदो से फुए’,” भाच्याने वाचून दाखवले. “म्हणजे, रडत रडत निघून गेली.”

ताई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा लाव बघू.”

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला राग आला होता. बोलिव्हियातल्या माणसांनी विरहावर गाणे करावे आणि पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्यावर समुद्रकिनाऱ्याचे नाच बसवून पैसा करावा! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हा राग फार वेळ टिकेना. दुःखाच्या चालीवर नाचू नये, असा नियम कुणी केला आहे? आमच्या जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास आणि डोहाळे एकाच सुरात गायले गेले. चाल कुणाची बटीक नसते. ती ज्या गळ्यात शिरते त्या गळ्याची होते.

मग चुकले कुठे? मला वाटते, नावाच्या जागी चुकले. काओमाच्या तबकडीवर रचनाकार म्हणून चिको द ऑलिव्हेरा हे नाव छापले होते. ते टोपणनाव होते, आणि त्यामागे होता त्या गाण्याच्या फ्रेंच निर्मात्यांपैकी एक, ऑलिव्हिए लोर्साक. एर्मोसा बंधूंनी दावा लावला. शेवटी तडजोड होऊन त्यांना श्रेयही मिळाले आणि पैसाही. पुढे २०११ साली जेनिफर लोपेझने ‘ऑन द फ्लोअर’मध्ये ती चाल घेतली तेव्हा एर्मोसांची नावे रीतसर घातली गेली. तेही नाचाचेच गाणे. पण त्याबद्दल मला मुळीच राग येत नाही.

आमच्या शाळेच्या कपाटात ‘सौभद्रा’ची एक जीर्ण प्रत आहे. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असे छापून पुढे मूळ गाण्याचा पहिला शब्द-दोन शब्द दिलेले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी चाली उचलल्या, पण चारचौघांत, नाव घेऊन उचलल्या. अर्थात मूळ चाल ज्याच्या गळ्यातून आली त्याला त्या बारीक अक्षरांतून एक पैही मिळाली नसेल, हेही खरेच.

हा विचार इथे थांबता तर मी सुखाने झोपलो असतो. पण मीही लेखक आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबरी लिहिण्याची विद्या मला कुणी शिकवली नाही. ती मिळाली ती आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून. माझ्या पहिल्या कादंबरीतला सगळ्यांना आवडलेला प्रसंग, तो पुराच्या रात्रीचा, मावशींनी चुलीपाशी मला जसा सांगितला तसाच मी लिहून काढला आहे. दुष्काळाच्या जागी पूर घातला, एवढाच काय तो माझा हात. ज्या सभेत त्या प्रसंगाचे कौतुक झाले त्या सभेत मी माझ्या ‘कल्पनाशक्ती’बद्दल आभार मानले होते. माझाच चिको द ऑलिव्हेरा झाला होता, फक्त टोपणनाव घ्यायचीही मला गरज पडली नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी मावशींना हे सगळे सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या पानावर तुमचे नाव घालतो, म्हटले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“नाव घालून काय हुतंय, गुरुजी?” त्या म्हणाल्या. “पैकं किती मिळालं त्या पुस्तकाचं?”

मी आकडा सांगितला. तो फार लहान होता, तरी सांगताना माझी मान खाली गेली. मावशी खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, “निम्मं द्या. आन् ते दुष्काळच करा परत. पुरात माझी सासू मेली नव्हती.”

निम्मे पैसे मी पोचते केले आहेत. प्रसंग मात्र अजून पुन्हा लिहायला घेतलेला नाही. पुराचे वर्णन फार चांगले साधले आहे, असे मला अजूनही वाटते.