रिळांइतकेच कागदही जपा

चेन्नईच्या टी. नगरमध्ये सिनेमाच्या माणसांच्या खुणा ठायी ठायी दिसतात. शिवाजी गणेशन यांचं ‘अन्नै इल्लम’ हे घर, एम. जी. रामचंद्रन यांचं स्मारक झालेलं घर, हबिबुल्ला रोडवरची नडिगर संघाची, म्हणजे नटांच्या संघटनेची वास्तू. कलावंतांची आठवण इतक्या मायेने जपणाऱ्या या शहरात तयार झालेले मूकपट मात्र जवळपास सगळे नाहीसे झाले. दक्षिणेतला ‘मार्तंड वर्मा’ (१९३३) वाचला, तोही एका कोर्टकज्जामुळे. मूळ मल्याळम कादंबरीच्या प्रकाशकाने हक्कभंगाचा दावा लावला, चित्रपटाचं प्रदर्शन थांबलं आणि प्रत त्रिवेंद्रमच्या त्या प्रकाशकाकडेच पडून राहिली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती १९७४मध्ये मिळवली.

अशा शोधकथा ऐकायला रोमांचक असतात. पण डबा सापडला म्हणजे चित्रपट सापडला, असं होत नाही. हाती आलेली रिळं पूर्ण आहेत का, त्यांचा क्रम बरोबर आहे का, ती नेमकी कोणत्या आवृत्तीची आहेत, याचं उत्तर नुसती फिल्म देत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’चंच पाहा. १९१३चा हा चित्रपट चार रिळांचा होता. संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. तीही फाळक्यांनी १९१७मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. ज्या दृश्यांकडे बोट दाखवून आपण ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणतो, ती कदाचित पहिल्याची नाहीतच. याउलट ‘कालिया मर्दन’ (१९१९). फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने साकारलेला बाळकृष्ण आज आपल्याला पाहता येतो, याचं श्रेय संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्या चिकाटीइतकंच एका वहीलाही आहे. तुकडे मिळाले होते, पण त्यांची सरमिसळ झाली होती. फाळक्यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदींत दृश्यांचा क्रम होता. त्याबरहुकूम नायरांनी तो चित्रपट जुळवला. ती वही रद्दीत गेली असती तर?

जर्मनीतही हेच घडलं. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) बरीचशी गाळलेली दृश्यं २००८मध्ये ब्युनॉस आयर्सच्या संग्रहालयातल्या ओरखडलेल्या १६ मिमी प्रतीत मिळाली. कोणतं दृश्य कुठे बसवायचं, हे ठरवताना गॉटफ्रीड हुपर्ट्झने लिहिलेल्या पार्श्वसंगीताच्या स्वरलिपीचा मोठा आधार झाला, कारण तिच्यात पडद्यावरच्या घडामोडींच्या खुणा होत्या.

आपल्याकडे फिल्मची हेळसांड झाली, त्यामागे पैसाही होता. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकली जाई. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची काही रिळं निर्माते आर्देशीर इराणींच्या मुलानेच अशी विकल्याचं नायर सांगत. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ (१९३१) मुंबईत इराणींच्याच इंपीरियल कंपनीने काढला; तोही गेला. पुण्यात २००३मध्ये लागलेल्या आगीत संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा बराच साठाही जळाला.

कागदांना मात्र चांदीचाही भाव नसतो. सिनेमागृहाबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तकं घ्या. कथासार, गाणी आणि नटांची नावं देणारी ती पातळ चोपडी, तमिळमध्ये ‘पाट्टु पुत्तगम’, चित्रपट उतरला की कवडीमोलाची होई. एखाद्या प्रतीत कोणतं गाणं गळलं, हे आज त्या चोपडीवरूनच कळतं. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी उरलेल्या फुटांशी ताडून पाहिली की किती गेलं, तेही समजतं.

हा शोध भाषेच्या हद्दीत अडवणंही चूक आहे. तमिळ ‘सीता कल्याणम्’ (१९३४) बाबूराव पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. मराठी अभ्यासकाला हवा असलेला कागद चेन्नईच्या माळ्यावर असू शकतो आणि तमिळ अभ्यासकाला हवा असलेला कोल्हापुरात.

चित्रपटाची प्रत सरकारी संग्रहात जमा करण्याची सक्ती करणारा सरसकट कायदा भारतात आजही नाही. तो व्हायलाच हवा. आणि होईल तेव्हा त्यात प्रतीसोबत संहिता, संकलनाच्या नोंदी, जाहिराती आणि गाण्यांची पुस्तकंही जमा करण्याचं कलम असावं.