आवडीची लाज

साहित्यसभेत आवडता लेखक विचारला की खांडेकरांचे नाव चटकन येते. बाबूराव अर्नाळकरांचे ओठांशीच अडखळते. आवड लपविणे हीच अभिरुची मानावी काय? १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. कचेरीची भाषा हळूहळू तेलुगू झाली आणि मराठी वाचल्यावाचून कुणाचे अडेनासे झाले. उरली ती केवळ गोडी. ती आम्हांस लावली हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी आणि पुढे नारायण धारपांच्या भयकथांनी. हे ऋण आम्ही उघडपणे मानतो. मात्र झुंजारच्या कथांत वाचक स्वतः कधी आरोपी होत नाही. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वाचताना होतो. हा भेद अवश्य सांगावा. पण त्यासाठी नातवाच्या हातातील धारप काढून घेऊ नये. त्याच्या हाती दुसरे मराठी पुस्तक नाही.