जागेची सबब

कविता प्रसिद्ध व्हायची तर ती कुणाकडे तरी पाठवावी लागते, ही अट आता उरलेली नाही. रात्री सुचलेली ओळ सकाळी फेसबुकवर असते, आणि दुपारपर्यंत चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरून तिच्याखालचं कवीचं नावही गळून गेलेलं असतं. तरीही एखाद्या ऑनलाइन काव्यनियतकालिकाने ‘कविता पाठवा’ असं आवाहन केलं की मेलपेटी तुडुंब भरते. ज्याला स्वतःच कविता प्रसिद्ध करता येते, त्याला संपादक कशाला हवा असतो?

छापील मासिकांच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण कागद संपादकाच्या ताब्यात होता. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कविता उतरवायची, आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं आणि पोस्टमनची वाट पाहायची. ‘साभार परत’ची चिठ्ठी त्याच पाकिटातून यायची, नकाराचा टपालखर्चही कवीचाच! त्या नकाराला जागेच्या टंचाईची सबब असे, आणि ती दोघांच्याही सोयीची होती. कथा संपून पानाचा तळ रिकामा राहिला की तिथे कविता बसायची. तेव्हा तिला मिळालेली जागा तिच्या गुणांची की आधीच्या कथेच्या आखूडपणाची, हे छातीठोकपणे कोण सांगणार? नाकारलेल्या कवीचा मान राहत असे.

पडद्यावरच्या अंकाला पानांची मर्यादाच नाही. बाराच्या जागी बाराशे कविता घेतल्या तरी कागदाचं बिल वाढत नाही. म्हणजे कविता परत आली तर कारण एकच उरतं: वाचणाऱ्याला ती नको वाटली. आजच्या संपादकांच्या मौनाचं मूळ मला इथे दिसतं. लोक त्याला आळस म्हणतात, आणि थोडा तो असतोही. पण नाही म्हणायला आडोसा राहिला नाही, म्हणून उत्तरच जात नाही. ‘तीन महिन्यांत कळवलं नाही तर कविता नाकारली असं समजावं’ एवढं नियमांत घातलं की सुटका. साभार परतीची छापील चिठ्ठी कोरडी होती खरी, पण कुणीतरी पाकीट उघडल्याचा तो पुरावा होता.

कवी मात्र नेमका हा नाही म्हणू शकणारा वाचक शोधत असतो. फेसबुकवर ‘वाह’ म्हणणाऱ्या मावसभावाला तो अधिकार नाही. त्याला उद्या लग्नात भेटायचंय. मराठीत संपादकाच्या या अधिकाराविरुद्ध बंडही झालेलं आहे. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी १९५४ साली ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक काढलं. पुढे लघुअनियतकालिकांची लाट आली आणि १९६९ साली तिच्यातल्या काही तरुणांनी ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाचा अंक जाळला. पण प्रस्थापित संपादकांना नाकारणारे हे लेखक पुढच्या अंकासाठी कविता निवडायला बसले, तेव्हा तेही संपादकच झाले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. १९८५ साली पुरुषोत्तम पाटील यांनी निव्वळ कवितेला वाहिलेलं ‘कविता-रती’ काढलं ते धुळ्याहून. कवितेचं टपाल मुंबई-पुणे सोडूनही जाऊ शकतं, हे इंटरनेटच्या आधीच सिद्ध झालं होतं.

ऑनलाइन अंकांच्या नियमांत ‘कविता पूर्वप्रसिद्ध नसावी’ ही अट असते आणि वाद तिथेच पेटतो. पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकलेली कविता प्रसिद्ध झाली की नाही? काही जण नाही म्हणतात, काही जण फेसबुकवरचा मजकूर शोधून काढून कविता बाद करतात. अशा तपासणीत मला रस नाही, पण अट मला पटते. टाळ्या मिळायच्या आधी काही आठवडे कविता अंधारात ठेवावी लागते, आणि तेवढ्यात तिच्यातली फुकाची ओळ बहुधा कवीलाच सापडते.

कारागिरीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप मोडते. कवीने मोडलेली कोणती आणि फोनने मोडलेली कोणती, हे वाचकाला कळत नाही. अभंग यातून वाचतो, कारण कान ओळ ओळखतो. मुक्तछंदाला मात्र ओळ कुठे संपते याखेरीज दुसरा आधार फारसा नसतो. त्यात जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. कविता वाचण्याआधी संपादकाला ती दुरुस्त करावी लागते.

अमेरिकेत अनेक नियतकालिकं कविता पाठवतानाच तीनेक डॉलर वाचनशुल्क घेतात. पदरमोड करून संग्रह काढायची जुनी सवय असलेल्या मराठी कवीला याचं नवल वाटू नये. फुकट पाठवता येण्याचेही भोग आहेतच. ‘क्लार्कस्वर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाने २०२३च्या फेब्रुवारीत साहित्य स्वीकारणं काही काळ थांबवलं, ते यंत्राकडून लिहवून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे.

नाही म्हणू शकणाऱ्या वाचकाचा हा शोध जुनाच आहे. १८६२च्या एप्रिलमध्ये थॉमस हिगिन्सन यांनी ‘अटलांटिक मंथली’त नवोदित लेखकांना उद्देशून एक लेख लिहिला. तो वाचून एमिली डिकिन्सन या अमेरिकी कवयित्रीने त्यांना चार कविता पाठवल्या. पत्राखाली सही नव्हती. नाव वेगळ्या छोट्या लिफाफ्यातल्या कार्डावर होतं. कविता छापा असं तिने म्हटलं नव्हतं, त्या जिवंत आहेत का एवढंच विचारलं होतं. सुमारे अठराशे कवितांपैकी दहाच्या आसपासच तिच्या हयातीत छापल्या गेल्या. हिगिन्सनना तिची लय ओबडधोबड वाटली, आणि तिच्या मृत्यूनंतर १८९० साली निघालेल्या संग्रहाच्या दोन संपादकांपैकी एक असताना विरामचिन्हं नि यमकं गुळगुळीत करण्यात त्यांचाही हात होता. तिला हा वाचक किती पुरा पडतो हे ठाऊक असावं. त्यांच्या सूचनेवरून तिने कविता बदलल्या नाहीत. १८८६ साली मरेपर्यंत त्यांना शंभराच्या आसपास कविता मात्र पाठवल्या.